बऱ्हाणपूरची नीज

हिजरी सन 1040 च्या जिल्काद महिन्यात, म्हणजे इंग्रजी गणनेप्रमाणे 17 जून 1631 रोजी, तापीच्या उत्तर तीरावरील बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात प्रदीर्घ वेणांनंतर एक मुलगी जन्मास आली आणि तिला जन्म देणारी स्त्री त्याच प्रसूतीत निवर्तली. ती स्त्री म्हणजे शाहजहानची पट्टराणी मुमताज महल. तिचा देह नदीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत, ज्या जागेस आहूखाना म्हणतात तेथे, तात्पुरता ठेवण्यात आला. डिसेंबरात शाहजादा शुजा आणि राणीची विश्वासू सेविका सतिउन्निसा खानम यांच्या सोबतीने तो आग्र्यास रवाना झाला आणि त्यापुढील कथा सारे जग जाणते. परंतु ज्या मुलीच्या जन्मापायी हे सर्व घडले, त्या चौदाव्या अपत्याकडे, गौहर आराकडे, इतिहासलेखकांचे लक्ष फारसे गेले नाही. मृत मातेचा माग त्यांनी संगमरवरापर्यंत काढला. किल्ल्यातील त्या जूनच्या उष्ण रात्री जे तान्हे मूल रडत होते त्याला निजविले कोणी, हा प्रश्न मात्र बखरकारांस पडला नाही, आणि आग्र्याचा तो घुमट पाहून परतणाऱ्या आपल्यासारख्यांसही तो क्वचितच पडतो.

मला तो प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. राजवाडा असो की विणकराची खोली, रडणारे मूल निजविण्याचे काम रोज रात्री कोणाच्या तरी हातांना करावेच लागते, आणि ते हात त्या वेळी रिकामे आहेत की दुसऱ्याच्या कामात गुंतलेले आहेत, यावर त्या मुलाची नीज अवलंबून असते. बऱ्हाणपूरच्या साडेतीन-चारशे वर्षांच्या इतिहासातून हे एकच सूत्र हाती धरून चालावे, एवढाच येथे मानस आहे.

मोगल जनानखान्यात या कामाचा शिरस्ता ठरलेला होता. राजघराण्यातील अपत्यास दूध पाजण्यासाठी दाया तैनात असत. त्यांना अनगा म्हणत, आणि त्यांच्या पोटच्या मुलास, राजपुत्राचा दूधभाऊ या नात्याने, कोका ही पदवी मिळे. अकबराच्या कारकीर्दीत माहम अनगेने काही काळ राज्यकारभाराची सूत्रे हलविली आणि जिजी अनगेचा मुलगा अजीज कोका मोठमोठ्या सुभ्यांवर नेमला गेला. आपल्यात आणि त्याच्यात दुधाची नदी वाहते, असे म्हणून अकबर त्याचे अपराध पोटात घालीत असे. हा मान मोठा होता, यात शंका नाही. तथापि दुधाची ती नदी एका मुलाकडून वळवूनच दुसऱ्याकडे नेलेली असे. शाहजादी ज्या मांडीवर निजे, त्या मांडीचे मूळचे हक्कदार लेकरू त्या घटकेस कोणाजवळ होते, याची नोंद ठेवण्याचे दप्तर कोणत्याच सरकारात नव्हते. गौहर आरापुरते बोलायचे तर तिच्या निजेत कोणी कसूर केलेली दिसत नाही. थोरली बहीण जहांआरा त्या वेळी अवघी सतरा वर्षांची होती आणि आईच्या मागे जनानखान्याचा सारा भार तिच्यावर पडला होता. मुमताजच्या चौदा अपत्यांपैकी सातच जगली. त्यांतील ही शेवटची, आईविना वाढलेली, 1706 पर्यंत म्हणजे पंचाहत्तर वर्षे जगली.

त्याच वर्षी किल्ल्याच्या भिंतीबाहेर काय चालले होते, तेही सांगितले पाहिजे. 1630 ते 1632 या काळातील दुष्काळाने गुजरात, खानदेश आणि दख्खन उजाड केले होते. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास जाणाऱ्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवरील प्रेतांचे जे वर्णन करून ठेवले आहे ते आजही वाचवत नाही. बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि वीस आठवडे दर सोमवारी पाच हजार, असे एकूण एक लक्ष रुपये गरिबांत वाटले, असे दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो. उपाशी आईला दूध येत नाही आणि उपाशी मुलाला झोप येत नाही. ज्या शहरात एका मुलीसाठी दाया तैनात होत्या, त्याच शहरात लंगराच्या रांगेत उभ्या असलेल्या स्त्रियांच्या कडेवरची मुले कशी निजत असतील, याची कल्पना करून पाहावी आणि पुढे जावे.

आता किल्ल्यातून उतरून पेठेत येऊ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस नासिरखान फारुकीने सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने वसविलेले, 1600 मध्ये अकबराने घेतलेले, 1760 च्या उदगीरच्या लढाईनंतर पेशव्यांकडे आणि पुढे शिंद्यांकडे आलेले, व 1860 च्या सुमारास इंग्रजांच्या हाती गेलेले हे शहर. धनी बदलले, परंतु कापड विणण्याचा धंदा बदलला नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास येथे येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए लिहितो की येथील तलम, पारदर्शक वस्त्रे इराण, तुर्कस्तान, मॉस्को, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात, आणि त्यांत सोन्यारुप्याच्या तारा गुंफलेल्या असत. ही वस्त्रे विणणारा माग घरातच असे. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून पुरुष मागावर बसे, धोटा इकडून तिकडे फेकी. आणि त्याच खोलीत त्याची बायको रहाटावर कांड्या भरी, सूत उकली, पाजणीला हात लावी. साळी, कोष्टी, खत्री, मोमीन, कोणीही असो, विणकराच्या घरात स्त्रीचे हात दिवसभर सुतात असत. त्या हातांनी मूल थोपटणे म्हणजे तेवढा वेळ माग उपाशी ठेवणे, आणि माग उपाशी राहिला की सारे घरच उपाशी.

या अडचणीतून जो उपाय निघाला तो मला मनुष्याच्या बुद्धीचा एक थोर शोध वाटतो, आणि त्याचे नाव झोळी. जुन्या लुगड्याचे, शेकडो धुण्यांनी मऊ झालेले कापड दुहेरी करून तुळईला टांगावे, त्यात मूल घालावे, झोळीला एक दोरी बांधावी आणि दोरीचे दुसरे टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून हातांनी आपले काम करीत राहावे. हात सुताचे, पाय लेकराचा, अशी ही विभागणी. सुताराने घडविलेला, चिमणाळे टांगलेला सागवानी पाळणा बारशाच्या दिवशी शोभतो. आत्या मुलाच्या कानात नाव सांगते, कुर्र करते आणि बायका पाळणे म्हणतात. परंतु दुसऱ्या दिवसापासून श्रमिकाच्या घरी मूल वाढते ते झोळीतच. झोळीत मुलाचे अंग आपोआप वाकते, दोन्ही बाजूंनी कापड लगटते, आणि त्याच्या स्वतःच्या हालचालीनेच झोका मिळतो. गर्भाशयात नऊ महिने जी स्थिती होती तिच्याशी हे सारे जुळते. शिवाय त्या कापडाला आईचा वास असतो, ही गोष्ट कोणत्याही सुताराला साधण्यासारखी नाही.

आणि नाद. तान्ह्या मुलाला शांतता हवी असते, ही समजूत विणकरांच्या वस्तीत टिकत नाही. एकसारखा, न चुकणारा, ठरावीक लयीचा आवाज मुलाला निजवितो. जागे करते ते आवाजाचे अकस्मात येणे किंवा अकस्मात थांबणे. पोटात असल्यापासून ज्या मुलाने मागाच्या फणीचा ठोका ऐकला आहे, त्याला तोच ठोका अंगाई होतो.

शब्दांची अंगाई मात्र या शहरात एका भाषेची कधीच नव्हती. मराठी, अहिराणी, निमाडी, गुजराती आणि मोमिनांची उर्दू, अशा पाच बोली एका गल्लीत नांदतात. अहिराणी बोलणारी माय आपल्या ‘आंडोरा’ला जोजविते, पलीकडे कोणी लोरी म्हणते, कोणी हालरडे गाते, स्वर मात्र सर्वत्र तोच, खाली उतरत जाणारा, दोन-तीन सुरांतच फिरणारा. अर्थ मुलासाठी नसतोच. या गीतांत आई आपलेच बोलून घेते: माहेर, नवऱ्याचा स्वभाव, भावाची वाट, दिवसभराचा शीण. मार्कंडेयपुराणातील मदालसा आपल्या रडणाऱ्या तान्ह्याला थेट आत्मज्ञान सांगते, तू शुद्ध आहेस, हे नाव आणि हा देह तुझा नव्हे, असे समजाविते. पुराणकाराला ती कथा ज्ञानासाठी हवी होती, परंतु मध्यरात्री तिसऱ्यांदा उठलेल्या आईला संसाराविषयी असे बोलावेसे वाटणे मला अगदी स्वाभाविक दिसते.

काही अंगाया भयाच्याही असतात. बंगालात आजही जी प्रसिद्ध अंगाई म्हटली जाते तिच्यात मुलाला भीती घालण्यासाठी येतात ते बर्गी, म्हणजे 1741 ते 1751 या दशकातले नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. मराठी वाचकाने हे मान खाली घालून ऐकावे. बऱ्हाणपूरनेही 1681 च्या आरंभी हंबीरराव मोहित्यांच्या फौजेची लूट सोसली होती. बहादुरपुरा आणि आसपासचे पुरे तीन दिवस लुटले जात होते. आपण ज्या मोहिमा अभिमानाने वाचतो, त्यांच्या टापांनी कोणाची तरी लेकरे दचकून उठली होती.

भीती घालून मुलाला निजवू नये, हे आपल्याकडे फार पूर्वी सांगून ठेवलेले आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, मूल रडत असले किंवा जेवत नसले तरी राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्याला भिवविणे चांगले नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. सुश्रुत सांगतो की निजलेल्या बालकाला एकाएकी जागे करू नये, त्याला दटावू नये, सुखाने अंगावर धरावे. त्याच चरकात बाळाची अंथरुणे व वस्त्रे मऊ, हलकी व स्वच्छ असावीत असे सांगून जव, मोहरी, हिंग, गुग्गुळ आणि वेखंड यांची तुपासह धुरी द्यावी असे लिहिले आहे. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी, ओवा-शेपांची धुरी, तेलाने टाळू भरणे, न्हाऊमाखू घालून दुपट्यात घट्ट गुंडाळणे, हे सारे त्याच परंपरेतले. आणि ते गरम पाण्याचे न्हाऊ झाल्यावर मूल जे गाढ झोपते, त्या तासा-दोन तासांत घरातील बाई भाकरी उरकून घेते.

सहाणेवर उगाळलेल्या गुटीत निजेसाठी जायफळाचा वेढा देण्याची चालही जुनी आहे. हे जायफळ कोठून येई, हे पाहिले म्हणजे एका झोपलेल्या मुलाच्या उशाशी केवढे जग गोळा झाले होते ते ध्यानात येते. त्या काळी जायफळ पिके ते पृथ्वीवर एकाच ठिकाणी, पूर्वसमुद्रातील बांदा बेटांत. तो व्यापार आपल्या मुठीत ठेवण्यासाठी डच कंपनीने 1621 मध्ये तेथील रहिवाशांची जवळजवळ सरसकट कत्तल केली. तेथून जहाजाने सुरतेस, आणि सुरतेहून आग्र्याच्या राजमार्गाने येणाऱ्या मालात ते बऱ्हाणपूरच्या बाजारात उतरे.

जायफळ निरुपद्रवी नाही. अधिक झाले तर विषच. परंतु त्याच सहाणेवर जी दुसरी वस्तू आली तिच्यापुढे जायफळ काहीच नव्हे. ती अफू.

उत्तरेस माळवा लागूनच. तेथे थंडीअखेर खसखशीच्या बोंडांना चिरा पाडून चीक गोळा करीत, आणि तो खानदेश, निमाड, वऱ्हाड, गुजरात, राजपुताना अशा साऱ्या पट्ट्यात घरोघर पोहोचे. इंग्रजी अमलात 1878 च्या अफू कायद्याखाली दुकानाचा परवाना सरकार देई, मक्ता ठेकेदार घेई, आणि कोणाही आईला चार पैशांची अफू उघड विकत मिळे. राईच्या किंवा बाजरीच्या दाण्याएवढी गोळी अंगावरच्या दुधात कालवून मुलाच्या जिभेवर ठेवावयाची. तयार मिळणाऱ्या गोळीला बाळागोळी हे गोड नाव होते. मूल निजे. चार-सहा तास ते रडत नसे, मागत नसे. ती झोप नव्हे, गुंगी होती. भूक मरे म्हणून मूल पीत नसे, पीत नसे म्हणून आईचे दूध आटे, पोट बांधले जाई, आणि गोळी एखाद्या दिवशी किंचित मोठी झाली तर श्वास मंदावत मंदावत थांबे. घरात त्याला काय म्हणत असतील? रात्रीत गेले. दृष्ट लागली. सटवाईने लिहिले होते तेवढेच.

1893 मध्ये लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अफू आयोगाने हिंदुस्थानभर साक्षी घेतल्या आणि 1895 मध्ये अहवाल दिला. मुलांना अफू देण्याची चाल सर्वत्र आहे, हे त्या साक्षींत पुन्हा पुन्हा आले. ती घातक नाही असे सांगणारे साक्षीदारही पुष्कळ निघाले, आणि अफूच्या महसुलाला धक्का लागेल अशी कोणतीही शिफारस आयोगाने केली नाही. ज्या अहवालाच्या पानोपानी तान्ह्या मुलांचा उल्लेख आहे त्याचा निष्कर्ष आबकारीच्या हिशेबाने ठरावा, याचा मला आजही संताप येतो.

पुढे बऱ्हाणपुरास 1906 मध्ये ताप्ती मिल निघाली, आणि घरच्या रहाटावर बसणाऱ्या बायांपैकी काहीजणी भोंग्यावर चालणाऱ्या कामाला गेल्या. घरी निदान अंगठ्याला दोरी होती. कारखान्यात तीही तुटली. ही गोष्ट मुंबईच्या गिरण्यांत आकड्यांनी सिद्ध झाली आहे: सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी 1922 च्या सुमारास असा निष्कर्ष काढला की गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांपैकी शेकडा 98 मुलांना अफू दिली जाते. शंभरांत अठ्ठ्याण्णव. या बायांना कोणी अज्ञानी म्हणाले, कोणी निष्काळजी. मला ते मान्य नाही. सकाळी मूल खोलीत ठेवून दहा-अकरा तासांसाठी जाणारी आई, ते रडून रडून मरू नये, शेजारणीने हाकलू नये, चुलीवर रांगत जाऊ नये, म्हणून जे करी ते तिच्यापुरते काळजीचेच कृत्य होते. इंग्लंडातील मँचेस्टरकडच्या गिरणीकामगार स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकात अगदी हेच केले होते. तेथे अफूचे सरबत ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ म्हणून विकले जाई. अमेरिकेत 1849 पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ या नावाने मॉर्फीन मुलांच्या पोटात गेले. जेथे सुताची गिरणी गेली तेथे तिच्या मागोमाग ही गुंगी गेली.

सुधारणा आल्या त्या सावकाश आणि तुकड्यातुकड्यांनी. मध्यप्रांताने 1930 मध्ये प्रसूतिविषयक लाभांचा कायदा केला. 1931 च्या, कामगारांविषयी नेमलेल्या व्हिटली आयोगाच्या अहवालाने मुलांना अफू देण्याच्या चालीकडे आणि पाळणाघरांच्या गरजेकडे लक्ष वेधले. 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले, आणि पुढे 1976 मध्ये ती संख्या तीसवर आणली. अफूची विक्री दर वर्षी घटवीत 1959 च्या मार्चअखेर औषधाखेरीज बंद करण्याचे 1949 मध्ये ठरले आणि तसे झालेही. पाळणाघर हा शब्द किती बोलका आहे! परंतु बऱ्हाणपूरच्या बहुसंख्य मुलांना त्याचा लाभ झाला नाही, कारण येथील काम मोठ्या गिरणीपेक्षा लहान लहान शेडांत आणि घरांत चाले. हातमाग गेले, त्यांच्या जागी पॉवरलूम आले, आणि ज्या घरात चार लूम आहेत आणि कांड्या भरणारी घरचीच सून आहे, तेथे पन्नास काय नि तीस काय, कायदा उंबऱ्याबाहेरच थांबतो. अशा घरी पाळणाघर म्हणजे सासू.

उन्हाळ्यात या गल्ल्यांतून रात्री फिरावे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, भिंती मध्यरात्रीपर्यंत उष्ण राहतात, आणि ज्यांना गच्ची किंवा धाबे आहे ते खाटा वर नेतात. खाली लूम चालूच असतात. त्यांचा खटखटाट एवढा की दोन माणसांना ओरडून बोलावे लागते, आणि त्या खोलीला लागूनच पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला बांधलेल्या झोळीत, कपाळावर काजळाचा तीट असलेले एखादे लेकरू तोंड उघडे टाकून गाढ निजलेले असते. अशा वेळी एकाएकी वीज जाते. सारी गल्ली क्षणात मुकी होते. आणि मग त्या अनोळखी शांततेत, आधी एका घरातून, मग पलीकडच्या, मग समोरच्या, मुले जागी होऊन रडू लागतात. अंधारात कोणी काडी ओढते. आजी चाचपडत झोळीची दोरी शोधते, पायाच्या अंगठ्यात अडकविते आणि लूम थांबल्याने जो ठोका हरवला आहे तोच जिभेने टाळूवर वाजवू लागते.